टेरेसच्या किल्लीचा सप्ता

लग्नकार्यात कोणीतरी माझी ओळख करून देतं, "हे म्युझिक कंपनीत असतात." समोरचा लगेच विचारतो, "अरे वा! गाता का?" मी म्हणतो, "नाही, तपासतो." इथे बोलणं बहुधा संपतं आणि समोरचा जिलेबीच्या टेबलाकडे वळतो. जिलेबीकडे गेलेल्या त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आमची कंपनी महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. खालच्या मजल्यावर प्लॅस्टिकची झाकणं तयार होतात, वर आम्ही. आजकाल गाणं करायला मोठी कंपनी लागत नाही. एखादी मुलगी स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते आणि छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड करून मोकळी होते. अल्बम नाही, सिनेमा नाही, असं एकट्याने बाहेर पडणारं गाणं म्हणजे ‘सिंगल’. पण मोबाइलवरची गाण्याची अ‍ॅप एकेका माणसाकडून गाणी घेत बसत नाहीत. त्यांना मधे वितरक लागतो. तो आम्ही. गाणं आमच्याकडे द्यायचं, आम्ही ते सगळ्या अ‍ॅपवर पोचवतो, आणि ठरलेल्या शुक्रवारी ते एकदम सगळीकडे येतं. शुक्रवारच का, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

यात माझं काम दोन टोकांना आहे. गाणं बाहेर पडायच्या आधी ते ज्याचं म्हणून सांगितलंय त्याचंच आहे का, हे बघायचं. आणि बाहेर पडल्यावर ते खरंच कोणी ऐकतंय का, हे बघायचं. दुसरं सांगितलं की लोक हसतात. आकडा दिसतोय म्हणजे ऐकणारा असणारच, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. आकडे विकत मिळतात. कुठेतरी एका खोलीत फळ्यांवर शेकडो मोबाइल मांडलेले असतात आणि ते रात्रंदिवस एकच गाणं वाजवत राहतात. ऐकायला कोणी नसतं. आकडा वाढला की अ‍ॅप ते गाणं आणखी लोकांपुढे ठेवतं, म्हणून हा खटाटोप. अ‍ॅपवाल्यांनी पकडलं तर गाणं तर जातंच, गायकाचं नावही बंद होतं. त्या नावाने पुढचं गाणं देता येत नाही. वितरकाला दंड पडतो तो वेगळा. म्हणून मला बसवलंय.

संशयाची सवय मला त्याआधीची आहे. तरुणपणी मी कॅसेट कंपनीत होतो. न खपलेला माल दुकानदार खोक्यांत भरून परत पाठवायचे आणि मी तो उतरवून घ्यायचो. वजन बरोबर भरायचं, पण खोकं उघडलं की खालच्या थरात कधी विटा निघायच्या, कधी रद्दी, आणि एकदा चांगलं पितळेचं वजनाचं माप निघालं. ते दुकानदाराने चुकून टाकलं होतं आणि तेच तेवढं तो परत मागायला आला. तेव्हापासून मी कुठल्याही खोक्याचा तळ बघतो. घरी याचा त्रास होतो. शिरवण्याच्या बाजारात भाजी घेताना मी काट्याकडे बघायला लागलो की बायको दोन पावलं पुढे जाऊन उभी राहते, ओळख नसल्यासारखी.

या धंद्यात माणसं नाना तऱ्हेची भेटतात. एक निवृत्त गृहस्थ अभंगाचं रेकॉर्डिंग घेऊन आले. चालीपुढे स्वतःचं नाव. मी म्हणालो, ही चाल तर मी लहानपणी ऐकलीय. तेव्हा म्हणाले, चाल माझ्या आईची. आईचं नाव घालू का? तर म्हणाले, तशी ती तिच्या आईची. शेवटी आम्ही ‘पारंपरिक’ असं लिहिलं तर ते रुसले. "म्हणजे कोणाचीच नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

सीवूड्सच्या एका साहेबांनी लग्नाच्या वाढदिवसाला बायकोकडून गाणं गाऊन घेतलं. आठवड्यात त्याचे आकडे असे चढले, की मोठमोठ्या गायकांनी लाजावं. सगळे प्ले, म्हणजे गाणं वाजल्याच्या नोंदी, परदेशातल्या एका गावातून. मी फोन केला.

"तिथे मराठी माणसं असतील की," साहेब म्हणाले.

"साहेब, त्या गावात एवढी माणसंच नाहीत."

साहेब हळूच म्हणाले, "मिसेसना सांगू नका. तिला वाटतंय लोकांना आवडलं."

ते गाणं गेलं. बाईंना त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. आवाज बरा होता बाईंचा.

आता मयूरीची गोष्ट. ती मी आमच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि ऐकणारा प्रत्येक जण मला विचारतो की यात खोटं नक्की काय होतं. 

मयूरी नेरूळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरला बसायची. घर कोपरखैरण्याला, मूळ गाव साताऱ्याकडचं. वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. तिने स्वतः लिहिलेलं, चाल लावलेलं आणि गायलेलं गाणं आणलं. नाव ‘टेरेसची किल्ली’. सोसायटीच्या गच्चीला कायम कुलूप असतं, किल्ली कोणाकडे आहे ते कोणी सांगत नाही, एवढाच विषय.

वॉचमन म्हणतो, वर विचारा.
वर म्हणतात, खाली विचारा.
आभाळ आमचं, कुलूप कुणाचं?

मला शब्द बरे वाटले, म्हणजे संशय वाढला. बरं काही समोर आलं की ते कुठून उचललंय हे मी आधी शोधतो. मी विचारलं, "चाल पूर्ण तुमची?"

"हो."

"गिटार कोणी वाजवलं?"

"मीच."

"मागे दुसरा आवाज आहे तो?"

"तोही माझाच. दोनदा रेकॉर्ड केलाय."

"कव्हरवरचा फोटो? हात आणि किल्ली आहे तो?"

"हात माझा, किल्ली लॅबच्या कपाटाची, फोटो मैत्रिणीने काढलाय. तिची सही आणू का? काका, तुम्ही आधी पोलिसात होतात का?"

"कॅसेट कंपनीत," मी म्हणालो.

चाल तिचीच आहे याला काही आधार द्या म्हटलं. तेव्हा तिने मोबाइलमधलं अगदी पहिलं गुणगुणणं ऐकवलं. शब्द नाहीत, नुसती चाल चाचपडत चाललीय, आणि मधेच मागून आईचा आवाज, "मयूरे, शिट्ट्या किती झाल्या?" गुणगुणणं थांबतं. "तीन." "तीन की चार?" "आई, रेकॉर्ड करतेय ना!" मी गाणं मंजूर केलं. असला पुरावा खोटा बनवायला फार हुशारी लागते, आणि एवढी हुशारी असेल तर माणूस गाणं चोरणार नाही.

शुक्रवारी गाणं बाहेर पडलं. पहिले काही दिवस जे व्हायचं तेच झालं. नातेवाईक, मैत्रिणी, लॅबमधले लोक, आणि थोडे अनोळखी. मग पुढच्या गुरुवारपासून आकडा उसळला.

खऱ्या ऐकण्याचा आलेख कसा असतो, ते सांगतो. सकाळी माणसं कामाला निघाली की तो चढतो, दुपारी उतरतो, संध्याकाळी पुन्हा चढतो, रात्री झोपतो. माणसं गाणं अर्ध्यात सोडतात, पुढे ढकलतात, त्याच्यामागून दुसरं लावतात. माणूस चंचल असतो आणि आलेख त्याच्यासारखाच दिसतो. मयूरीच्या गाण्याचा आलेख टेबलासारखा सपाट होता. दुपारी जेवढा तेवढाच पहाटे. अर्ध्यात कोणी सोडत नव्हतं. गाणं संपलं की पुन्हा तेच सुरू. आणि जवळजवळ सगळं नवी मुंबईतून.

शनिवारी अ‍ॅपवाल्यांची नोटीस आली. जवळजवळ सगळे प्ले कोपरखैरण्यातल्या एकाच इंटरनेट जोडणीवरून होत आहेत, सोमवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर गाणं आणि गायिकेचं नाव, दोन्ही बंद.

आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "खुलासा कसला? उघड आहे. आपणच काढून टाकू, म्हणजे आपल्यावर काही येणार नाही."

"काढायला सोमवार आहे," मी म्हणालो. "आधी विचारतो."

"विचारून काय होणार? ती नाहीच म्हणणार."

त्यांचं बरोबर होतं. आजवर मला कोणीही हो म्हटलेलं नाही. पण त्या आलेखात एक गोष्ट मला खटकत होती. सपाट रेघेवर दर दोन तासांनी एक बारीकशी खाच पडत होती, जणू काम करणारा हात बदलतोय. यंत्राला पाळी बदलावी लागत नाही.

मी मयूरीला फोन केला.

"काका, मी कोणाला एक रुपया दिलेला नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"मग मी काय म्हणू? हो म्हणू का?"

"कोपरखैरण्यात एकाच वायफायवर पंचवीसेक फोन चालू आहेत. तुमच्या घरी आहे वायफाय?"

"काका, आमच्या घरी नळाला पाणी यायची मारामार, वायफाय कुठलं!"

"मग तुमच्या ओळखीत अशी कुठली जागा आहे, जिथे बरेच फोन एकत्र असतात?"

ती विचार करत राहिली. गुन्हेगार माणूस या प्रश्नाला लगेच ‘नाही’ म्हणतो, हे मी मनात नोंदवलं.

"फोन एकत्र..." ती म्हणाली. "नाही, म्हणजे, एक विचित्र आहे. पप्पांचा फोन गुरुवारपासून घरी नाहीये. मंडळात चार्जिंगला लावलाय म्हणतात."

"गुरुवारपासून चार्जिंगला?"

"तेच ना! मी म्हटलं बॅटरी गेली असेल तर नवीन टाकू. तर म्हणाले, तू यात पडू नकोस."

मंडळ म्हणजे त्यांच्या गावच्या मुंबईत राहणाऱ्या लोकांचं मंडळ. साताऱ्याकडच्या बहुतेक गावांची अशी मंडळं आहेत. भिशी चालते, गावाहून नोकरीला आलेला पोरगा खोलीत राहतो, कोणी वारलं तर गाडीची सोय होते. मी पत्ता घेतला. तिला म्हणालो, वडिलांना सांगू नका. ती आधी फोन करून त्यांना सावध करेल, असं मला वाटत होतं. उद्या ते फोन तिथून हललेले असले तर मला माझं उत्तर मिळणार होतं.

रविवारी सकाळी गेलो. बोनकोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माथाड्यांच्या घरांची ओळ आहे, तिथल्या एका घरावर चढवलेल्या माळ्यावर मंडळाची खोली. जिन्याशी चपलांचा ढीग होता. आत माणसं आहेत पण आवाज नाही, हे मला मुळीच आवडलं नाही.

दार उघडंच होतं. सतरंजीवर स्वच्छ पांढरी चादर अंथरलेली. चादरीवर ओळीने मोबाइल, प्रत्येकाला चार्जरची वायर, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तो हात आणि ती किल्ली. कोपऱ्यात देवाचा फोटो, त्यापुढे उदबत्ती, वर भिंतीला वायफायचा डबा. भिंतीला टेकून सातआठ माणसं, कोणी पेपर वाचतंय, कोणी पेंगतंय. मधोमध एक मजबूत बांध्याचा माणूस मांडी घालून ताठ बसलेला, दोन्ही हातांत एक मोबाइल धरून. माझ्याकडे बघितलं, पण उठला नाही.

डोक्यावर टोपी घातलेले एक वृद्ध पुढे आले. ते मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना आबा म्हणत. मी कंपनीतून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"या या, बसा. कळलं म्हणायचं तुमच्याकडं! आरं, सायबांना चा आन. कितवा नंबर लागला आमच्या पोरीचा?"

"आबा, हे काय चाललंय?"

"सप्ता बसवलाय."

मला समजलं नाही. आबांनी मग सावकाश समजावलं, अडाण्याला समजावतात तसं. गावी देवळात सात दिवसांचा अखंड नामसप्ताह असतो. वीणा एकाच्या गळ्यातून निघते ती सरळ दुसऱ्याच्या गळ्यात जाते, सात दिवस जमिनीला टेकत नाही. दोन दोन तासांचे पहारे लावलेले असतात. पहाऱ्याला बसलेला माणूस पुढचा आल्याशिवाय उठत नाही. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी टाकलं होतं की गाणं जितकं वाजेल तितकं वर चढतं. ते वाचून आबांनी ठरवलं, की गावच्या लेकीचं पहिलं गाणं आहे, तर ते खंडू द्यायचं नाही.

"म्हणून ह्यो मुख्य फोन हातात," त्यांनी मांडी घातलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "बाकीचं खाली. गुरुवारी बसवला, पुढच्या गुरुवारी काला. पोरीला तवा बोलावनार. शाल, नारळ, समदं."

खाचा कसल्या ते मला कळलं. पहारा बदलताना हातातला फोन, जोडण्या, वायरी, सगळं एकदा नीट बघून घेत असणार. पण धंद्याची सवय जात नाही. मी परवानगी मागून एकेक फोन उचलून बघितला. पाळीव पोपटासारखं तयार करून ठेवलेलं नवं खातं निघतंय का, ते बघायचं होतं. एकात गुरुवारच्या आधी सगळी कीर्तनं. एकात लेझीम आणि ढोलकी. एकात नुसती लहान मुलांची बडबडगीतं. माणसांचे फोन होते, माणसं वापरत होती.

"आवाज बंद का आहे?" मी विचारलं.

"खालच्या घरातली पोरं परीक्षेचा अभ्यास करत्यात," पेपर वाचणारा म्हणाला. "पंचवीस फोनचा गलका केला तर खालची बाई वर यील की लाटणं घिऊन."

"म्हणजे ऐकतंय कोणीच नाही?"

"पयल्यांदा ऐकलं की! झ्याक हाय. मग बंद केला आवाज."

आता माझी अडचण तुम्ही बघा. पैसे दिलेले नव्हते. यंत्र नव्हतं. माणसं झोपमोड करून बसली होती. आणि तरी, आवाज बंद करून वाजवलेलं गाणं म्हणजे ऐकणाऱ्याशिवायचा प्ले, आणि ऐकणाऱ्याशिवायचा प्ले खोटा. दर मिनिटाला त्या चादरीवर खोट्याची भर पडत होती आणि ती सगळी मयूरीच्या नावावर चढत होती. मी सांगितलं, की हे ताबडतोब बंद झालं नाही तर उद्या तिचं गाणं जाईल, आणि नावही कायमचं जाईल.

पेपर वाचणाऱ्याने पेपरची घडी घातली.

"बंद?" आबा म्हणाले. "मधीच? सायेब, सप्ता मोडत न्हाईत. माझ्या आज्याच्या काळात एकदा मोडला हुता, प्लेग आला तवा. त्याबी वक्ताला वीणा खाली ठिवली नव्हती."

"आबा, देवाचं नाव आणि हे गाणं..."

"पोरीचं हाय म्हनूनच तर!"

मधे बसलेला माणूस पहिल्यांदा बोलला. तो दत्ताभाऊ, मयूरीचा बाप. "सायेब, खरंच नाव जाईल तिचं?"

"जाईल."

त्याने हातातल्या फोनकडे बघितलं, आबांकडे बघितलं. पण फोन काही खाली ठेवला नाही. पोत्यांच्या ओझ्याने न वाकलेला माणूस तेवढ्याशा मोबाइलपुढे अडकून बसला होता.

मी मयूरीला फोन लावून सरळ बोलावून घेतलं. रविवारी तिची लॅब अर्धा दिवस असते. ती अंगातला पांढरा कोटही न काढता आली. दारात उभी राहिली, चादरीकडे बघितलं, उदबत्तीकडे बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवायचं होतं, आणि माझ्या धंद्यात चेहरा हा पुरावा धरत नाहीत.

"पप्पा, हे काय?"

"सप्ता," दत्ताभाऊ म्हणाला.

"कुणी सांगितलं होतं?"

"ग्रुपवर ठरलं."

"कुठल्या ग्रुपवर? मला कसं नाही आलं?"

पेपरवाला म्हणाला, "मंडळाच्या ग्रुपवर गं. तुला कसं यील? त्यात बायामाणसं न्हाईत. घरटी एक गडी."

हे मला महत्त्वाचं वाटलं. मी त्याच्या फोनवर ग्रुपमधली नावं वाचून बघितली. खरंच एकही बाई नव्हती.

"म्हणजे गाणं माझं," मयूरी म्हणाली, "आणि त्याच्या सप्त्याला मलाच पहारा नाही?"

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"ठेवा तो फोन, पप्पा."

"कसा ठिवू, बाळा? पुढचा गडी आला न्हाई."

मला वाटलं, आता ही ओरडणार. पण तिने त्या पंचवीस पडद्यांवरून एकदा नजर फिरवली. मग कोट काढून दाराच्या खिळ्याला अडकवला आणि बापासमोर मांडी घालून बसली.

"मी आले पुढची. द्या इकडे."

दत्ताभाऊने आबांकडे बघितलं. आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "दे. तिचंच हाय."

फोन तिच्या हातात गेला. तिने त्याचा आवाज वाढवला. गाणं शेवटच्या कडव्यात होतं. ते संपलं, आणि पुन्हा सुरू व्हायच्या आत तिने स्वतः गायला सुरुवात केली. वॉचमन म्हणतो, वर विचारा. एका हाताने तिने फोन बंद केला आणि गाता गाता माझ्याकडे बघून चादरीकडे मान हलवली.

गाणं खंडलं नव्हतं. आबांना ते पटलं असावं, कारण त्यांनीच पहिला फोन उचलून बंद केला. मग बाकीच्यांनी. मी चादरीवरचा शेवटचा पडदा काळा होईपर्यंत उभा राहिलो. तरी मोजणीला एक फोन कमी भरत होता. पेंगणाऱ्या गड्याच्या उशीखाली तो सापडला, चालूच होता. "ऱ्हाऊ दे की एक," तो म्हणाला. मी राहू दिला नाही.

मयूरी तो पहारा पुरा होईपर्यंत गात बसली. खालची बाई खरंच वर आली, पण लाटणं नव्हतं तिच्या हातात. ती दारात बसली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्या ‘कुलूप कुणाचं’ला साथ देऊ लागल्या, आणि एकीच्या बहिणीच्या सोसायटीची किल्ली सेक्रेटरीच्या सासूकडे असते, अशी चर्चाही मधे झाली. दोन तासांनी आबांनी निकाल दिला, की जिचं गाणं तिनेच समाप्ती केली, तेव्हा सप्ता पुरा झाला, काला आजच. लाडू गुरुवारसाठी सांगितलेले होते, म्हणून शिऱ्यावर भागवलं. शाल मात्र आणून ठेवलेली होती.

सोमवारी खुलासा लिहिला. मॅनेजरबाई म्हणाल्या, "सप्ता-बिप्ता कोणाला कळणार? चाहत्यांचा उत्साह, असं लिहा ना."

मी तसं लिहिलं नाही. उत्साही चाहता गाणं ऐकतो. इथे ऐकलं गेलं नव्हतं, आणि ते तसंच लिहिणं भाग होतं. मी लिहिलं: गुरुवारपासूनचे हे प्ले खोटे आहेत, ते विकत घेतलेले नाहीत, ज्यांनी केले त्यांना ते खोटे आहेत हे माहीत नव्हतं, गायिकेला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि असं का मानतो त्याची कारणं ही. पहारा म्हणजे काय, हे परदेशात बसलेल्या माणसाला इंग्रजीत समजावण्यात सगळी सकाळ गेली. खोलीचे फोटो जोडले. माझं नाव खाली घातलं.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. गाणं काढण्यात येत आहे. आकडे सगळे रद्द. गायिकेचं नाव मात्र चालू राहील, हेच गाणं ती नव्याने देऊ शकते.

मला एका गोष्टीचं वाईट वाटलं. रद्द झालेल्या आकड्यांत थोडे खरेही होते. गुरुवारच्या आधीचे, आणि नंतरचेही. नांदेडहून कोणीतरी रोज सकाळी एकदा ते गाणं ऐकत होतं. एकदाच, पण पूर्ण. असल्या माणसाला वेगळं काढून वाचवायची सोय नसते. खोटं पुसताना तोही पुसला गेला. गाणं नव्याने आल्यावर त्याला ते सापडलं की नाही, मी बघत असतो. अजून दिसलेला नाही.

निकाल सांगायला मयूरीला फोन केला. शून्यापासून सुरुवात, म्हटल्यावर ती म्हणाली, "चालेल. आबांना फक्त सांगू नका, परत बसवतील." मग तिने विचारलं, "काका, खरं सांगा. तुमचा माझ्यावर विश्वास होता?"

"नाही," मी म्हणालो. "मी तपासलं."

दुखावली बहुतेक, असं मला वाटलं. काहीतरी गोड बोलावं म्हणून शब्द शोधत होतो. तेवढ्यात तीच म्हणाली,

"बरं झालं, काका. विश्वास असलेले सगळे त्या खोलीत बसले होते."